खांबावरची नावं

माझा आजा अंगठेबहाद्दर होता. पण एक नाव त्याला तोंडपाठ होतं. भागनाक. आज्याच्या पणज्याचं. सांजच्याला तक्क्यासमोरच्या दगडावर बसून तंबाखू मळता मळता आजा सांगायचा, "आपला भागनाक कोरेगावच्या लढाईत पडला. खांबावर नाव हाय त्येचं. सायबानं लिवून ठेवलंय."

गावात आम्हाला नाव नव्हतं. वाड्यावरनं हाळी यायची ती 'ए म्हाराचा' अशी. बाला तशीच, आज्याला तशीच. अशा गावात राहून साहेबानं दगडावर कोरलेलं एक नाव आपल्या घरातलं आहे, ही गोष्ट आम्हाला भाकरीसारखी लागायची. शाळेत मास्तर इतिहास शिकवायचा. राजे, पेशवे, तह, लढाया. त्यात आम्ही कुठंच नव्हतो. मी मनात म्हणायचो, शिकव लेका, खांब तुझ्या पुस्तकापेक्षा उंच आहे.

मॅट्रिकला होतो तेव्हा, १९७३ साली, एका दोस्ताची सायकल मागून घेतली आणि खांब बघायला निघालो. पुणे-नगर रस्ता. ऊन मी म्हणत होतं. भीमेच्या पुलाजवळ पेरण्याच्या हद्दीत खांब दिसला. काळा, सरळ, एकटा. आसपास गवत. एक म्हातारा शेळ्या चारत होता, बाकी कोणी नाही. मी चपला काढल्या. हात जोडले. मग वही काढली आणि नावं उतरवायला बसलो. इंग्रजी यथातथाच होतं, म्हणून एकेक अक्षर चित्रासारखं काढत गेलो.

एकोणपन्नास नावं. कंपनीच्या फौजेतल्या मेलेल्यांची. त्यातली बावीस 'नाक' या अक्षरांनी संपणारी. म्हणजे आपली. मी तीनदा वाचली. उलटी वाचली, सुलटी वाचली. भागनाक नव्हता.

परतीच्या वाटेवर सायकल हातात धरून किती चाललो, आठवत नाही. घरी आलो तर आजा दगडावर बसलेलाच. "सापडलं का रं नाव?" मी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणालो, "हाय आबा. तिसऱ्या वळीत."

आजा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आनी कोन कोन हाय? वाच की." मी वही काढून बाकीची नावं वाचली. प्रत्येक नावाला आजा हात जोडत गेला. 'नाक' असलेल्यालाही आणि नसलेल्यालाही. पुढच्या सालीच तो वारला. माझं खोटं त्याच्यासंगं गेलं असं मला वाटलं. तसं काही झालं नाही. ते माझ्याजवळच राहिलं.

मित्रांनो, मी इतिहासकार नाही. पिंपरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर उभा होतो. पण त्या दिवसापासून मला इतिहासाचं वेड लागलं. खोटं बोललो होतो, तर खरं काय ते शोधायची खाज सुटली. पगाराच्या दिवशी रद्दीवाल्याकडं जायचो. किलोवर पुस्तकं घ्यायचो. रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत पेटीवर बसून वाचायचो. सोबतचे म्हणायचे, ह्याला बढती पाहिजे. बढती कसली, मला तिसरी ओळ पाहिजे होती.

वाचत गेलो तशी आणखी पडझड झाली. आपल्या स्टेजवरनं मी ऐकलं होतं, की पाचशे महारांनी अठ्ठावीस हजारांची पेशवाई कापून काढली. पुस्तकात वेगळं निघालं. १ जानेवारी १८१८. कॅप्टन स्टाँटन शिरूरहून पुण्याकडं निघालेला. त्याच्याकडं पायदळ पाचशेच्या आसपास, घोडेस्वार अडीचशेच्या आसपास, दोन तोफा आणि त्यांच्यावर मद्रासचे गोलंदाज. पायदळात महार मोठ्या संख्येनं, पण मराठे, रजपूत, मुसलमान, बेने इस्रायलीही होते. खांबावरची नावंच तसं सांगतात. पेशव्याची फौज अठ्ठावीस हजार सांगतात ती खरी, पण ती सगळी गावात घुसली नाही. चाल करून आल्या त्या पायदळाच्या तीन टोळ्या, मिळून दोनेक हजार. त्यांत अरब होते, गोसावी होते. दिवसभर गल्लीगल्लीत, घराघरात लढाई झाली. पाणी नाही, अन्न नाही. रात्री गोळीबार थांबला. पाठीवर जनरल स्मिथची फौज येत होती म्हणून पेशवा पुढं सरकला आणि स्टाँटन आपले जखमी घेऊन शिरूरला परतला. कंपनीकडचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून पावणेतीनशे.

आणि पेशवाई त्याच दिवशी संपली असंही नाही. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण त्याआधीच, १७ नोव्हेंबर १८१७ ला लागलं होतं. बाजीराव शरण आला तो जून १८१८ मध्ये.

हे सगळं वाचल्यावर मला काय वाटलं असेल? पहिल्यांदा वाटलं, पुस्तक फेकून द्यावं. मग वाटलं, थांब. दिवसभर पाण्याविना, गावाच्या भिंतीआड, आपल्याहून कितीतरी जास्त माणसांना थोपवून धरणारी ही माणसं. ज्यांच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधला अशी पेशवाईची आठवण आपल्या लोकांनी तोंडोतोंडी जपली, त्यांची ही पोरं. त्यांची हिंमत मोजायला अठ्ठावीस हजारांचा आकडा कशाला पाहिजे?

आणखी एक गोष्ट पुस्तकांनी शिकवली. तो खांब आपल्यासाठी बांधलेला नाही. कंपनीनं तो आपल्या फौजेच्या नावानं उभा केला. २६ मार्च १८२१ ला त्याचा पाया घातला. ज्यांची बावीस नावं त्यावर कोरली त्यांच्याच नातवा-पणतवांना त्याच इंग्रजानं १८९० च्या दशकात फौजेची दारं बंद केली. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असं गणित मांडलं आणि आपल्याला बाहेर काढलं. साहेबाचं इमानही आपल्यापुरतं तेवढंच होतं.

पण आपल्या जुन्या माणसांनी काय केलं बघा. रत्नागिरीकडचे गोपाळबाबा वलंगकर, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिलं आणि १८९४ च्या सुमाराला लष्करभरतीसाठी अर्जाचा मसुदा केला. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे, साहेबाच्या हॉलमध्ये बटलरची नोकरी करणारा माणूस. नोकरी करता करता वाचत गेला, १९०८ ला 'सोमवंशीय मित्र' काढलं, १९१० ला थेट भारतमंत्र्याला अर्ज धाडला. आमच्या बापजाद्यांनी तुमच्यासाठी रक्त सांडलं, त्याचा हिशेब द्या, अशी त्या अर्जांची रीत. साहेबानं स्वतःच्या बढाईसाठी उभा केलेला दगड या माणसांनी साहेबाच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरला. पुढं पहिल्या महायुद्धात १९१७ ला महारांची पलटण उभी राहिली, १९२१ ला मोडली. १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर हाच खांब होता.

बाबासाहेब या खांबाजवळ आले ते १ जानेवारी १९२७ ला. साल नीट ध्यानात ठेवा. कारण त्याच सालच्या २० मार्चला महाड आहे आणि २५ डिसेंबरला पुन्हा महाड.

महाडला मी पहिल्यांदा गेलो १९८८ साली, एस.टी.नं. अंगावर कारखान्याचाच निळा शर्ट होता. चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळीत पाणी घेतलं. पाणी हिरवट होतं, तरी प्यालो. शेजारी एक बाई पोराला सांगत होती, "बाबांनी हितं पाणी प्यालं तवा तळं पेटलं हुतं." पोरगं विचारत होतं, "पानी कसं पेटंल?" मला हसूही आलं आणि गळाही दाटला.

१९२७ मध्ये काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. बोल्यांचा ठराव १९२३ चा. महाडच्या नगरपालिकेनं जानेवारी १९२४ ला तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर खुलं, पायरीवर बंद. २० मार्चला आपली माणसं रांगेनं गेली, पाणी प्याली. मग देवळात घुसणार अशी आवई उठवून जेवत्या माणसांवर लाठ्या चालवल्या. नंतर शेणमुताच्या एकशे आठ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. हे सगळं आपण भाषणात सांगतो. पण पुढचा भाग आपण सांगत नाही, कारण त्यात घोषणा नाहीत. त्यात कागद आहेत.

डिसेंबरच्या परिषदेआधी सवर्णांनी दिवाणी कोर्टात दावा लावला. तळं खाजगी आहे, आणि अस्पृश्यांनी न शिवण्याची वहिवाट पुराणकाळापासूनची आहे, असं त्यांचं म्हणणं. कोर्टानं तात्पुरता मनाईहुकूम दिला. परिषदेला हजारो माणसं आलेली, पाण्याला हात लावायला आसुसलेली. २५ तारखेला मनुस्मृती जाळली. ठराव मांडला तो बापूसाहेब सहस्रबुद्धे यांनी, आणि ते जन्मानं ब्राह्मण होते. मंडपाला जागा दिली ती फत्तेखान या मुसलमान माणसानं. पण पाण्याचा सत्याग्रह बाबासाहेबांनी थांबवला. तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि माणसं परत गेली. किती जणांचा जीव जळाला असेल!

मग दहा वर्षं खटला. खालचं कोर्ट, ठाण्याचं कोर्ट, हायकोर्ट. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं निकाल दिला. वहिवाट अनादि काळापासूनची आहे हे वादी सिद्ध करू शकले नाहीत. तळं आपल्याला कायद्यानं खुलं झालं.

मित्रांनो, हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझी तिसरी ओळ मला आठवली. हा खटला इतिहासाचाच होता. ते म्हणत होते, हे फार पुरातन आहे. बाबासाहेब विचारत होते, पुरावा दाखवा. त्यांच्याजवळ ऐकीव गोष्ट होती, आपल्याजवळ कागद होता. आज आपणच जर ऐकीव आकडे छातीठोकपणे सांगायला लागलो, तर कुणी उद्या उभा राहून विचारील, पुरावा दाखवा. तेव्हा आपण कुठल्या बाजूला उभे असू?

महाडच्या अलीकडे, मुंबईच्या रस्त्याला, गांधारपाले म्हणून गाव आहे. तिथल्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, तिसाच्या आसपास. त्याच फेरीत मी ती चढून बघितली. खाली नदी, भातखाचरं, रस्त्यानं ट्रक. लेण्यांत वटवाघळांचा वास. बाहेर कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या. जुन्या शिलालेखांत अशा टाकीला 'पोढी' म्हणतात. कान्हेरीला कल्याणच्या एका सोनारानं पोढी दान दिल्याचा लेख आहे. कार्ल्याला दाराचं काम करणाऱ्या सुताराचं नाव कोरलंय, अत्तर विकणाऱ्या गांध्याचं नाव आहे. जुन्नरला बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीचं, कासारांच्या श्रेणीचं नाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी हात काळे करणारी माणसं दगडावर आपलं नाव आणि आपला धंदा दोन्ही कोरत होती. धंद्याची लाज नव्हती. वाटसरूला, भिक्खूला पाणी मिळावं म्हणून कातळ फोडत होती. आणि तिथून दोन-तीन किलोमीटरवर १९२७ साली पाण्याला हात लावला म्हणून माणसांची डोकी फुटली.

मी लेथवरचा माणूस. सुताराचं नाव कार्ल्याला बघितलं तेव्हा मी तिथंच बसलो. माझ्या कारखान्यात मी चौतीस वर्षांत जे सुटे भाग काढले त्यांच्यावर कंपनीचा छाप आहे, माझं नाव कुठंच नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी अभ्यासवर्ग चालतो. मागच्या डिसेंबरात पोरं १ जानेवारीचं पत्रक तयार करत होती. त्यात पाचशे आणि अठ्ठावीस हजार होतेच. मी म्हणालो, बाळांनो, एवढं दुरुस्त करा. वर सांगितलं ते सगळं सांगितलं. एक पोरगा उठला. हुशार आहे, कायद्याचं शिकतो. म्हणाला, "काका, तुम्ही त्यांच्या बाजूनं बोलताय. त्यांची सगळी पुस्तकं खोटी, आणि हिशेब फक्त आपल्यालाच?"

मला त्याचा राग आला नाही. त्या पोराचा भाऊ १ जानेवारी २०१८ ला माझ्यासोबत कोरेगावला होता. लढाईला दोनशे वर्षं झाली म्हणून लाखोंनी माणसं आलेली. बायका, म्हातारी, कडेवर लेकरं. तीन दिवस आधी वढू बुद्रुकला गोविंद गोपाळांच्या समाधीजवळच्या फलकावरून वाद पेटलेला. म्हणजे भांडण पुन्हा इतिहासाचंच. कुणाचं नाव लिहायचं, कुणाचं पुसायचं. त्या दिवशी आम्ही दगड येताना बघितले. जळत्या गाड्यांचा धूर बघितला. पुस्तकाच्या स्टॉलवरनं घेतलेली माझी पिशवी पळताना पडली, ती मी परत उचलायला गेलो म्हणून त्या पोराच्या भावानं मला शिव्या घालत ओढत नेलं. त्या दिवसाच्या हिंसेत एक तरुण जिवानिशी गेला. ३ तारखेला महाराष्ट्र बंद झाला. पुढं एल्गार परिषदेच्या प्रकरणात सोळा जणांना अटक झाली. त्यांतले फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला न्यायालयीन कोठडीत असतानाच, इस्पितळात वारले. हे सगळं बघितलेल्या घरातला पोरगा मला विचारतो, हिशेब फक्त आपल्यालाच का? त्याचा प्रश्न खोटा नाही.

मी त्याला एवढंच म्हणालो, की हिशेब मागणारी माणसं आपणच आहोत. ज्याला हिशेब मागायचा असतो त्याची वही साफ पाहिजे. बाबासाहेबांनी १९४८ ला अस्पृश्यतेच्या उगमावर पुस्तक लिहिलं. कुणाला भ्यायचं त्यांना कारण नव्हतं. तरी प्रस्तावनेत त्यांनी सरळ कबूल केलं, की पुराव्याच्या मधल्या कड्या जिथं तुटल्या आहेत तिथं अनुमानानं सांधल्या आहेत. जिथं अनुमान आहे तिथं अनुमान म्हणाले. त्यानं त्यांची उंची कमी झाली का?

आणि चांगदेव खैरमोडे बघा. सरकारी नोकरी करत करत बाबासाहेबांची पत्रं, कात्रणं, आठवणी गोळा करत राहिले. चरित्राचा पहिला खंड १९५२ ला आला, शेवटचे खंड त्यांच्या मरणानंतर. त्यांनी कागद जपले नसते तर आज आपण नुसत्या दंतकथा सांगत बसलो असतो. बाबासाहेबांचं लिखाण सरकारनं १९७९ पासून छापायला घेतलं. ते काम रखडलं, छपाईचा कागद पडून राहिला, ही बातमी वाचून हायकोर्टानं २०२१ साली आपणहून दखल घेतली. दखल कोर्टाला घ्यावी लागली. आपण पुतळ्याला एक ओरखडा गेला तर रस्त्यावर येतो, यावंच. पण खंड मिळत नाहीत म्हणून आपल्यापैकी किती जण रस्त्यावर आले? मीही नव्हतो आलो. हे मी स्वतःला विचारतो आहे.

पोरगा गप्प बसला नाही. म्हणाला, "तुम्हाला काय जातंय काका, तुम्ही म्हातारे झालात. आम्हाला माणसं उभी करायची आहेत. माणसं आकड्यानं उभी राहतात."

तेव्हा मी पन्नास वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते त्या वर्गात सांगितलं. आजा, सायकल, वही, तिसरी ओळ. बायकोलाही ठाऊक नव्हतं. ती मागच्या रांगेत बसली होती. सांगताना माझा आवाज फुटला. म्हणालो, मी आज्याला उभं करायला खोटं बोललो. पण आजा त्या खोट्यावर उभा नव्हता. त्यानं लगेच विचारलं, आणखी कोण कोण आहे? तो सगळ्या नावांना हात जोडत होता. त्याला खरं सांगितलं असतं तरी त्यानं हात जोडलेच असते. मीच त्याला तेवढा मोठा समजलो नाही.

वर्गात कोणी बोललं नाही. थोड्या वेळानं तो पोरगा म्हणाला, "मग भागनाक होता का नव्हता?"

मी म्हणालो, होता असेल. खांबावर मेलेल्यांची नावं आहेत. जखमी झालेले, वाचलेले, परत येऊन गावकी करत मेलेले कुठं लिहिलेत? फौजेत गेलाच नसेल असंही असेल. आपल्याजवळ आज्याचा शब्द आहे. शब्द म्हणून तो जपायचा. दगड म्हणून विकायचा नाही.

पत्रक शेवटी छापलं. पाचशे आणि अठ्ठावीस हजार गेले. त्याजागी एकोणपन्नास आणि बावीस आले, आणि खाली सगळी नावं. त्या पोरानंच माझ्या वहीवरनं उतरवून काढली. १ जानेवारीला आम्ही ती वाटली. माणसं उभं राहून वाचत होती, बोट ठेवून वाचत होती. एका म्हातारीनं पोराला थांबवून विचारलं, "माज्या सासऱ्याचं नाव हाय का बग." पोरानं सगळी यादी वाचली आणि म्हणाला, "न्हाय आजी. पन तुमच्या सासऱ्याचं नाव सांगा, मी लिवून घेतो." तिनं सांगितलं. त्यानं लिहून घेतलं. गाव विचारलं, कुणाकडून ऐकलं ते विचारलं, तारीख टाकली.

तुम्हालाही एवढंच सांगायचं आहे. तुमच्या घरात म्हातारी माणसं आहेत. ती बोलतात ते वहीत लिहा. तीन रकाने पाडा. पाहिलेलं, वाचलेलं, ऐकलेलं. एकाचं दुसऱ्यात मिसळू नका. माझ्या जुन्या वहीत बावीस नावांच्या खाली मी परवा एक ओळ घातली. भागनाक. खांबावर नाही. आज्याकडून ऐकलं.